दोघांसाठी एक खोली

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची सांद. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं टेकायची. आत किल्ल्या कापायचं यंत्र, कानशींचा डबा, खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्यांचे झुबके आणि एक स्टूल. दुसरा माणूस आत आला तर पहिल्याला बाहेर जावं लागे, म्हणून गिऱ्हाईक रस्त्यावरच उभं राहायचं. पस्तीस वर्षं तो त्या सांदीत बसून लोकांची दारं उघडत होता. नवऱ्याशी भांडून आतून कडी लावून बसलेल्या बायका, किल्ली आत विसरून बाहेर आलेले डॉक्टर, आईनं न्हाणीघरात स्वतःला कोंडून घेतलंय म्हणून रडत आलेला मुलगा, सगळ्यांना तो एकच सांगायचा, "घाबरू नका, माणसानं केलेलं कुलूप आहे, माणूसच उघडेल."

कोर्टाचं कामही त्याच्याकडे यायचं. भाडेकरूला बाहेर काढायचं असलं की बेलिफ कागद घेऊन येई, बरोबर दोन शिपाई, आणि जुनं कुलूप काढून नवं बसवायला किल्लीवाला. त्याला ते काम आवडत नसे. पण हमखास मिळे, आणि 'मी नुसतं कुलूप बसवतो' असं म्हटलं की मनाची समजूत निघत असे.

ती समजूत एका सकाळी संपली. एक इमारत विकली गेली होती, पाडायची होती, आणि शेवटचा भाडेकरू तेवढा राहिला होता. हे लोक पोचले तर म्हातारा तयारच होता. एक पत्र्याची ट्रंक, त्यावर दोरीनं बांधलेली वळकटी, खोली झाडून लख्ख. फौजेत होता हे सांगायची गरज नव्हती, उभं राहण्यावरूनच कळत होतं. बेलिफानं कागद वाचला. म्हाताऱ्यानं सही केली. मग तो किल्लीवाल्याला म्हणाला, "दार खाली घासतं. मी उचलून धरतो, नाहीतर तुमचं कुलूप बसायचं नाही."

आणि खरंच त्यानं दार उचलून धरलं. किल्लीवाल्यानं चार स्क्रू पिळले. स्वतःला बाहेर ठेवणारं कुलूप नीट बसावं म्हणून तो माणूस हात लावत होता.

"जाणार कुठे?" किल्लीवाल्यानं विचारलं.

"बघू."

दहा-बारा दिवसांनी तो भाजीबाजाराच्या शेडखाली ट्रंकेवर बसलेला दिसला. पुढच्या महिन्यात नुसती ट्रंक दिसली. चहावाल्यानं सांगितलं, थंडीत गेला. ती इमारत मात्र पुढे चार वर्षं पडून होती. किल्लीवाल्याचं कुलूप तिच्या दारावर गंजत राहिलं.

चहावाल्यानं सांगितलं त्या रात्रीपासून किल्लीवाल्याच्या घशाखाली घास उतरेना. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही नाही तर दुसऱ्यानं लावलं असतं की."

"दुसऱ्यानं लावलं असतं तर मी जेवलो असतो."

कोर्टाचं काम त्यानं सोडलं. आणि हळूहळू, कोणी न सांगता, दुसरं काम गळ्यात घेतलं. शहरात कुठली खोली रिकामी आहे हे एक उंदराला कळतं आणि एक किल्लीवाल्याला. मालक परगावी असतात, वारसांची भांडणं चालू असतात, कुलपं बदलायला सगळे त्याच्याचकडे येतात. तेव्हा फौजेतून परतलेली आणि रस्त्यावर आलेली माणसं हेरायची, आणि रिकाम्या खोलीच्या मालकाला गाठायचं, असा त्याचा उद्योग सुरू झाला. पुलाखाली, मैदानाच्या प्रेक्षक गॅलरीमागे, इस्पितळाच्या व्हरांड्यात त्याला ही माणसं सापडायची. ती ओळखायची खूण एकच, अंथरूण घडी घातलेलं असायचं.

मालक आधी खूश व्हायचे. "फौजेतला माणूस? वा, शिस्तीचा असेल." मग माणूस समोर येऊन उभा राहिला, त्याचे हात थरथरताना दिसले, की सगळ्यांच्या खोलीत अचानक पुतण्या राहायला येणार असायचा. शहरात एवढे पुतणे कुठून आले, हे किल्लीवाल्याला कधी कळलं नाही.

खोली मिळाली तरी टिकत नसे. एक जण झोपेत ओरडायचा, त्याला शेजाऱ्यांनी घालवलं. एक जण पलंगावर झोपेना, दाराबाहेर पायरीवरच अंग टाकायचा, त्याला मालकिणीनं घालवलं. एकानं तर न विचारता सगळा जिना कमरेइतका पांढरा रंगवून काढला, बराकीसारखा. मालकाला आवडलंही, पण त्या माणसानं मग रंगवलेल्या भिंतीला हात लावणाऱ्या भाडेकरूंना रांगेत उभं करायला सुरुवात केली. नऊ वर्षांत किल्लीवाल्यानं किती जणांना घर दाखवलं त्याची गणती नाही. वर्ष उलटूनही आपल्या खोलीत राहिलेले मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येत, आणि त्यातही अंगठा शिल्लक राही.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," बायको म्हणायची. मग डबा भरता भरता पुढचं वाक्य ठरलेलं, "लष्कराच्या भाकऱ्या भाजणं ऐकलं होतं. खरोखरच्या लष्कराच्या भाजणारा माझ्याच नशिबी यायचा होता."

पण डब्यात ती दोघांचं जेवण घालायची.

*

ती जोडी त्याला बस डेपोच्या मागे, पार्सलच्या बंद पडलेल्या खोलीत सापडली. खोलीला छप्पर अर्धंच होतं. दोघंही साठीपलीकडचे. एक फौजेत ट्रक चालवायचा, त्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. साखरेच्या आजारानं त्याचे डोळे जात चालले होते. उजेड आणि सावली एवढंच कळे. दुसरा तोफखान्यातला गोलंदाज. त्याचे दोन्ही कान तोफांनी खाल्ले होते.

"गोलंदाज म्हणजे चेंडूवाला नव्हे बरं का," ड्रायव्हरनं पहिल्याच भेटीत बजावलं. "तोफेत गोळा भरणारा. मी ट्रकमधून गोळे आणून द्यायचो, हा उडवायचा. दोघांनी मिळून काय मारलं देव जाणे, पण स्वतःचे कान-डोळे तेवढे नक्की मारले."

गोलंदाज त्याच्या ओठांकडे पाहत होता. "काय म्हणतोय आंधळा?" तो मोठ्यानं म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, कमी-जास्त न होणारा.

"तुझी तारीफ करतोय, बहिऱ्या!" ड्रायव्हर त्याच्याकडे तोंड करून ओरडला.

"खोटं बोलतोय. खोटं बोलताना याच्या भुवया वर जातात."

ही दोघं सतरा वर्षं एकत्र होती. गोलंदाज पाहायचा आणि ड्रायव्हर ऐकायचा. रस्ता ओलांडताना गोलंदाजाचा हात ड्रायव्हरच्या कोपराखाली असे, आणि मागून गाडीचा भोंगा वाजला की ड्रायव्हर त्याला खेचून घेई. इस्पितळात नाव पुकारलं की ड्रायव्हर उठे, कागदावर काय लिहिलंय ते गोलंदाज वाचे. गोळ्यांच्या वेळा गोलंदाजाच्या हातात, डेपोतल्या पहारेकऱ्याची चाहूल ड्रायव्हरच्या कानात. दोघांचा मिळून एक धडधाकट माणूस होत होता.

किल्लीवाल्यानं खोलीचा विषय काढला तेव्हा ड्रायव्हरनं ऐकून घेतलं आणि गोलंदाजाला खुणांनी, ओठांनी समजावलं. मग दोघांतर्फे सांगितलं, "खोली दोघांना एक. नसेल तर एकालाही नको."

तेव्हाच सरकारनं माजी सैनिकांसाठी एक नवी इमारत बांधली होती. चार मजले, प्रत्येक मजल्यावर बारा खोल्या, पाणी, वीज, जिन्याला कठडा. किल्लीवाला अर्ज घेऊन माजी सैनिकांच्या कार्यालयात गेला. तिथल्या खिडकीवर एक चष्मेवाली बाई बसायची. नऊ वर्षांत तिनं त्याचे अर्ज इतक्यांदा परत केले होते की दोघांत एक प्रकारची ओळख झाली होती.

"खोल्या एकट्या माणसाच्या आहेत, भाऊ," ती म्हणाली. "दोघं राहायचे तर नवरा-बायको हवेत, नाहीतर रक्ताचं नातं."

"रक्ताचं? एकाच खड्ड्यात पडून दोघांचं रक्त सांडलंय, बाई."

"अर्जात तसा रकाना नाही." ती टोमणा मारत नव्हती. खरंच रकाना नव्हता. "दोघांचे वेगवेगळे अर्ज करा. शेजारशेजारच्या खोल्या देता येतील का, मी बघते. एवढं माझ्या हातात आहे."

किल्लीवाल्याला वाटलं, घोडं गंगेत न्हालं. पण गोलंदाजानं पिशवीच्या तळातून आपला फौजेतला कागद काढून दिला आणि बाईचा चेहरा बदलला. कागदावर लिहिलं होतं, हुकूम मोडल्याबद्दल बडतर्फ. बडतर्फ झालेला माणूस नियमानुसार माजी सैनिक ठरत नव्हता.

त्यामागची हकीकत ड्रायव्हरनं सांगितली. तीन दिवस तोफा थांबल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी अधिकाऱ्यानं मागून ओरडून सांगितलं, बंद करा. सगळ्यांनी बंद केलं. हा मात्र भरतच राहिला, उडवतच राहिला, कारण त्याला काही ऐकूच येत नव्हतं. आपले कान गेलेत हे तोवर त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, आवाज दूर गेलाय. मागून चौघांनी येऊन धरला तेव्हा तो थांबला.

"मी तिथंच होतो. ट्रक रिकामा करत होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

किल्लीवाल्यानं फेरतपासणीचा अर्ज केला. त्यावर तारीख पडायलाच दीड वर्ष गेलं. अखेर एका टेबलामागे तीन साहेब बसले आणि समोर हे तिघं. मधल्या साहेबानं गोलंदाजाच्या कानांचा दाखला पाहिला.

"यांना आज ऐकू येत नाही हे मान्य. त्या दिवशी येत नव्हतं, हे कशावरून?"

"मी साक्षीदार आहे, साहेब," ड्रायव्हर उठून म्हणाला. पण तो साहेबांच्या दिशेला नव्हे, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून उभा होता.

डावीकडच्या साहेबानं हलकेच विचारलं, "तुम्हाला दिसतं का?"

"आता नाही. तेव्हा दिसत होतं."

कोणी हसलं नाही. साहेब तसे वाईट नव्हते, त्यांनी पाणी विचारलं, चहा मागवला. गोलंदाज एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता, पण तीन तोंडं एकदम बोलत असल्यानं त्याला काही लागत नव्हतं. शेवटी त्यानं किल्लीवाल्याच्या बाहीला हात लावला आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात, आपण कुजबुजतोय असं समजून विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणतायत?"

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पुराव्याअभावी मूळ निर्णय कायम. ड्रायव्हरला मात्र खोली मंजूर होती.

"मला नको," ड्रायव्हर म्हणाला आणि तो कागद त्यानं चाचपून, चौघडी करून, किल्लीवाल्याच्या खिशात परत घातला.

*

किल्लीवाल्याच्या धाकट्या मेव्हण्याचं छापखान्याला कागद पुरवायचं दुकान होतं, आणि दुकानाच्या वर एक खोली रिकामी. ती त्याला कायम दिसत होती, पण नात्यात व्यवहार नको म्हणून तो गप्प होता. आता त्यानं नाक मुठीत धरलं. बायकोनं भावाला जेवायला बोलावलं, आणि जेवण अंगी लागायच्या आत विषय काढला.

"भाऊजी, तुम्ही सांगितलं आणि मी नाही म्हटलं असं झालंय का?" मेव्हणा म्हणाला. "पण माणसं कशी आहेत?"

"एकाला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही."

"मग भाडेकरू म्हणून उत्तमच की," मेव्हणा हसला. "माझ्या दुकानात काय चाललंय ते एकाला दिसणार नाही आणि दुसऱ्याला कळणार नाही." बहिणीनं डोळे वटारले तसा तो वरमला. "बरं, येऊ द्या. ताई, तुझ्याखातर."

पुढचे पाच महिने किल्लीवाल्याच्या आयुष्यातले बरे महिने. खोलीत दोन खाटा मावल्या. गोलंदाजानं भिंतीला कमरेच्या उंचीवर एक दोरी ठोकली, खाटेपासून मोरीपर्यंत, म्हणजे ड्रायव्हरला एकट्यानं जाता यावं. किल्लीवाल्यानं दाराला अशी घंटा बसवली की बाहेरून बटण दाबलं की आत आवाजही होई आणि दिवाही लागे. आवाज ड्रायव्हरसाठी, दिवा गोलंदाजासाठी. पहिल्या दिवशी दोघांनी ती घंटा एवढ्यांदा वाजवून पाहिली की खालून मेव्हणा धावत आला. ड्रायव्हरचं वजन वाढलं. गोलंदाजानं मिशा राखल्या. किल्लीवाला रविवारी सकाळी जाई, तिघं चहा पीत, आणि दोघं एकमेकांना अशा शिव्या देत की ऐकणाऱ्याला आपण लग्नघरात बसलोय असं वाटावं.

मग ड्रायव्हरच्या पायाला जखम झाली. साखरेमुळे भरेना. त्याला आठ दिवस इस्पितळात ठेवलं. गोलंदाज रोज सकाळी तिकडे जाऊन संध्याकाळी परतायचा. एका सकाळी नळाला पाणी नव्हतं. त्यानं तोटी फिरवून पाहिली, कोरडी, तशीच सोडून निघाला. दुपारी पाणी आलं. ड्रायव्हर असता तर पहिल्या थेंबाला उठला असता. पण खोलीत कोणी नव्हतं, आणि मोरीच्या तोंडाशी गोलंदाजाचाच धुवायला टाकलेला शर्ट अडकला होता. संध्याकाळपर्यंत पाणी जमिनीतून झिरपून खालच्या कागदाच्या गठ्ठ्यांवर गळत राहिलं. जोडून सुट्ट्या म्हणून दुकान बंद होतं. गोलंदाज परतला तेव्हा पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्यानं रात्रभर ते कपड्यांनी टिपलं. खाली दुकान आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

दोन दिवसांनी मेव्हण्यानं शटर वर केलं. कागद फुगून भिंतीला चिकटले होते.

तो ओरडला नाही. तो किल्लीवाल्याच्या सांदीसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, माझी दोन वर्षं पाण्यात गेली. मी वाईट बोलत नाही. पण ती माणसं शनिवारपर्यंत तिथं नकोत."

"अरे, एकाचा पाय अजून..."

"आणि कुलूप तुम्हीच बदला. दुसऱ्या कोणाला बोलावलं तर ताईला वाटेल, मी वैर धरलं."

किल्लीवाला इस्पितळात गेला. काय सांगायचं ते वाटेत दहादा जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "शनिवारपर्यंत खोली सोडा म्हणतोय. मी नाही बसवणार कुलूप. त्यानं कोणालाही आणावं."

ड्रायव्हरनं बराच वेळ पाय चाचपला. "तुम्हीच बसवा," तो म्हणाला. "दुसरा आला तर तासाभरात सामान रस्त्यावर फेकेल. तुम्ही आम्हाला घड्या घालू द्याल."

शनिवारी सकाळी किल्लीवाल्यानं कुलूप बदललं. गोलंदाज दोरी काढत होता. खिळे त्यानं सरळ करून पुडीत बांधले. घंटा काढू का म्हणून खुणेनं विचारलं, तर किल्लीवाल्यानं मान हलवली, राहू दे. घरी आल्यावर त्यानं हत्यारांची पेटी कोपऱ्यात ठेवली. बायकोनं ताट वाढलं. त्यानं हात धुतले आणि धुतच राहिला. शेवटी तिनं येऊन नळ बंद केला.

*

दोघं पुन्हा डेपोमागे. पण आता ड्रायव्हरच्या पायाला ओल चालणार नव्हती. पट्टी बदलणाऱ्या नर्सनं गोलंदाजाला कागदावर लिहून दिलं, 'हे असेच उघड्यावर राहिले तर पाय कापावा लागेल, कदाचित तोवर उशीर झालेला असेल.' गोलंदाजानं तो कागद वाचला, खिशात घातला आणि ड्रायव्हरला सांगितलं, "म्हणतेय, पाय छान आहे."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच सांदीसमोर आला. किल्लीवाल्यानं स्टूल बाहेर काढून दिलं, त्यावर बसला. नर्सचा कागद किल्लीवाल्याच्या हातात दिला.

"ती मंजूर झालेली खोली अजून आहे का?" त्यानं विचारलं. किल्लीवाल्यानं मान डोलावली. चष्मेवाल्या बाईनं नियम वाकवून ती आजवर धरून ठेवली होती.

"मग मला एक पत्र लिहून द्या. माझ्या बहिणीचं. लांबच्या गावातून. म्हणावं, नवरा वारला, एकटी आहे, राहायला ये."

"तुम्हाला बहीण आहे?" किल्लीवाला ओठ सावकाश हलवत म्हणाला.

"लिहा."

किल्लीवाल्यानं लिहिलं. आयुष्यात त्यानं किती कुलपं फसवली होती, पण माणूस फसवायला बसला तेव्हा पेन धरवेना. त्यानं ते पत्र संध्याकाळी डेपोमागे जाऊन ड्रायव्हरला वाचून दाखवलं. ड्रायव्हर शांतपणे ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यानं गोलंदाजाच्या दिशेला तोंड केलं आणि ओरडला, "जा की मग! नाहीतरी तुझ्या घोरण्यानं झोप लागत नाही!"

"काय म्हणतोय?"

"जा म्हणतोय!"

गोलंदाज सोमवारी सकाळच्या बसनं गेला. कुठली बस ते त्यानं किल्लीवाल्यालाही सांगितलं नाही. दुकानाचं छापील कार्ड तेवढं मागून घेतलं. ड्रायव्हरला त्यानं गोळ्यांच्या दोन डब्या दिल्या होत्या, सकाळच्या डबीला दोरा बांधलेला, संध्याकाळच्या डबीला नाही. बस हलली तेव्हा ड्रायव्हर फलाटावर किल्लीवाल्याचा हात धरून उभा होता. इंजिनाचा आवाज वळणापलीकडे गेला तरी तो तसाच होता. बस दिसेनाशी होऊन बराच वेळ झाला होता, पण त्याला ती अजून ऐकू येत होती.

खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली. स्वच्छ, कोरडी, खिडकीतून ऊन येणारी. पाय भरला. नर्स खूश, कार्यालय खूश, चष्मेवाल्या बाईनं तर निवृत्त होताना किल्लीवाल्याला सांगितलं, "तुमचं हे एक काम मनासारखं झालं, भाऊ."

दोन महिन्यांत शेजाऱ्यांची तक्रार आली. ड्रायव्हर दिवसभर ओरडतो. किल्लीवाला गेला तर ड्रायव्हर खुर्चीत बसून भिंतीला सांगत होता, आज ऊन कडक आहे, खालच्या मजल्यावर कोणी खोकतंय, दूधवाला उशिरा आला. तो भांडत नव्हता की भ्रमलेला नव्हता. इतकी वर्षं ज्या आवाजात बोलला त्याच आवाजात बोलत होता.

"जरा हळू बोलावं लागेल," किल्लीवाला म्हणाला.

ड्रायव्हर ओशाळला. "हो का? खरंच की. सवय." त्या दिवसापासून तो हळू बोलू लागला, आणि मग हळूहळू बोलेनासाच झाला. रविवारी किल्लीवाला जाऊन बसे. चहा निवून जाई.

वर्ष सरता सरता दुकानाच्या पत्त्यावर दूरच्या एका गावातल्या सरकारी इस्पितळाचं पत्र आलं. बसथांब्यावर एक अनोळखी इसम मृतावस्थेत सापडला. खिशात तुमचं कार्ड मिळालं. नातेवाइकांनी आठ दिवसांत ओळख पटवावी. पत्रावरची तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती. सोबतच्या यादीत लिहिलं होतं, एक पिशवी, भिजून नाव पुसलेला एक फौजेचा कागद, कागदाच्या पुडीत सहा सरळ केलेले खिळे.

किल्लीवाल्यानं चार दिवस ते पत्र खिशात वागवलं. बायको म्हणाली, "सांगून टाका. न सांगण्याचं पापही तुमच्याच माथी बसेल." रविवारी तो गेला. खुर्ची ओढून समोर बसला.

"बातमी आहे," तो म्हणाला. "गोलंदाज गेला. बहिणीच्या घरी. झोपेतच. त्रास नाही झाला."

खालच्या मजल्यावर कोणीतरी भांडी घासत होतं.

"शेवटी बहीण जवळ होती," किल्लीवाला पुढे म्हणाला.

"त्याला बहीण नव्हती, किल्लीवाले," ड्रायव्हर म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पत्र वाचताना तुमचा आवाज हलत होता."

"मग तुम्ही त्याला जाऊ का दिलंत?"

ड्रायव्हरनं गुडघ्यावरचे हात उलटे केले, पालटे केले. "पायाला फार दुखत होतं हो," तो म्हणाला. आणि त्याच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आवाज न करता, कारण आता शेजाऱ्यांची काळजी घ्यायची सवय लागली होती.

किल्लीवाला संध्याकाळ होईपर्यंत बसून राहिला, मग दिवा लावला, मग लक्षात आलं की दिव्याचा इथं कोणाला उपयोग नाही, तरी लावून ठेवला.

ड्रायव्हर अजून त्या खोलीत आहे. जेवतो, गोळ्या घेतो, विचारलं तर उत्तर देतो. कार्यालयाच्या अहवालात तो यशस्वी म्हणून मोजला जातो. मेव्हणा कागदाचं दुकान पुन्हा उभं करून बसलाय आणि सणासमारंभाला किल्लीवाल्याशी बोलतोही, वरची खोली मात्र त्यानं गोदाम केली.

किल्लीवाला सत्तरीला आलाय. त्याचे गुडघे बोलतात, यंत्रावर किल्ली धरताना हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही. परवा त्याला धोबीघाटाच्या मागे एक जण सापडला, फौजेत तारयंत्र चालवणारा. त्याच दुपारी तो एका मालकाकडे गेला. तळमजल्याची खोली, भिंतींना ओल, पण दार मजबूत. मालकानं सगळं ऐकलं, माणूस फौजेतला म्हटल्यावर मान डोलावली, आणि मग म्हणाला, "दिली असती हो. पण पुतण्या यायचाय राहायला."

"बरं," किल्लीवाला म्हणाला आणि पुढच्या गल्लीकडे वळला.